वरच्या मजल्याचा कागद

३ फेब्रुवारी, सोमवार

वृद्धनिवासांवर देखरेख ठेवणाऱ्या समितीचं पत्र आज हातात पडलं. हैदराबादेत कुकटपल्लीतल्या 'निवांत' या घरासाठी 'नागरिक सदस्य' म्हणून माझी नेमणूक झाली आहे. दर आठवड्याला एक चक्कर मारायची, तिथल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांशी बोलायचं, त्यांची मतं छापील कागदावर घ्यायची आणि एप्रिलमध्ये अहवाल द्यायचा. त्यावरून निवांतची नोंदणी पुढं चालू राहणार की नाही ते ठरेल.

संदेशनं पत्र वाचून विचारलं, "पप्पा, तुम्हालाच कसं निवडलं?"

म्हटलं, "कान बघून."

थट्टा केली, पण खोटं नाही. सोळाव्या वर्षी बिलोलीहून आलो, गौलीगुड्यात एका कापडवाल्याकडे गाठोडी उचलली, मग सुलतान बाजारात साड्यांचं स्वतःचं दुकान टाकलं. जागा एवढीशी. मागची मोरी आणि संडास काढून तिथं कपाटं बसवली तेव्हा कुठं दुकान दुकानासारखं दिसायला लागलं. चाळीस वर्षं त्या गादीवर बसून एकच विद्या शिकलो. बाई दुकानदाराशी काय बोलते ते सोडून द्यायचं, बरोबरच्या बाईच्या कानात काय बोलते ते ऐकायचं. तोंडावर 'छान आहे' म्हणणारी बाई साडी घेत नाही. आता दुकान संदेशच्या हातात, कान मोकळे पडलेत.

अनुराधा स्वयंपाकघरातून म्हणाली, "घरात तीन हाका मारल्याशिवाय ऐकू येत नाही, तेच कान का?"

८ फेब्रुवारी, शनिवार

पहिली फेरी. निवांत चांगलं आहे, मनापासून लिहितो. एकतीस माणसं, निम्मी आपली मराठी, बाकी तेलुगू. तळमजला आणि पहिला मजला हिंडत्या-फिरत्या माणसांचा. त्याच्या वरचा मजला विसरभोळ्यांचा, त्याला सगळे नुसतं 'वर' म्हणतात. जिन्याला कुलूप असतं. संडास-बाथरूम प्रत्येक मजल्यावर व्हरांड्याच्या टोकाला, दोन पायऱ्या उतरून. फिनेलचा वास, फरशी लख्ख. मी 'स्वच्छता उत्तम' असं लिहून टाकलं.

चालवणारी माधवी पस्तिशीतली. बोलता बोलता एका आजीचा पदर सारखा केला, दुसऱ्या आजोबांचा चष्मा पुसला, तिसऱ्याच्या मुलाला फोनवर झापलं. मला 'काका' म्हणायला लागली तीही पाच मिनिटांत.

समितीच्या कागदावर तीन तोंडं छापलेली आहेत. हसरं, सरळ आणि रडकं. जेवण, सेवा, औषधं, झोप, प्रत्येकासमोर एका तोंडावर खूण करायची. एकवीस जणांनी कागद भरले. एकवीसच्या एकवीस हसरे. गिऱ्हाइकांनी एकाच सुरात 'छान आहे' म्हटलं की समजायचं, माल परत जाणार.

दोन माणसं लक्षात राहिली. आबासाहेब, ब्याऐंशी वर्षांचे, जन्मभर बसमध्ये तिकिटं तपासली. मला बघताच म्हणाले, "या शेठ. विनातिकीट आलात काय?"

दुसरी चतुराबाई. शहात्तर. नाव विचारायच्या आधी तिनंच माझं विचारलं. "कुणाचा रे तू, बाबा?" गाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं. तिचं माहेर आमच्या शेजारच्या गावचं निघालं. मग म्हणाली, "सुलतान बाजारातला हिम्मतराव तूच का? ब्याण्णव साली तुझ्याकडून घेतलेल्या जांभळ्या साडीचा रंग गेला. दुसऱ्याच धुण्याला."

तेहतीस वर्षांनी आलेली तक्रार. मी हात जोडले. ती रोज सकाळी चौघींना पेपर मोठ्यानं वाचून दाखवते, एकतिसांचे वाढदिवस तिला पाठ आहेत. मुलगा गौतम बंगळुरात. मी तिला अक्का म्हणायला लागलो.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आज मुद्दाम दुपारी चारनंतर गेलो. सकाळी पाहुण्यासाठी घर आवरलेलं असतं, दुपारी खरं दिसतं.

आणि दिसलं. चहाची वेळ. ट्रेमध्ये एकवीस-बावीस कप आले, आणि बहुतेक सगळे भरलेले परत गेले. हैदराबादेत चार वाजताचा चहा परत जातो म्हणजे काय? इथं माणूस दवाखान्यात नळ्या लावलेल्या असताना चहा सोडत नाही.

चतुराअक्काला विचारलं, "चहा नाही घेतला?"

"झाला की."

कप तिच्यासमोर काठोकाठ भरलेला.

"चांगला नसतो का?"

"असं म्हणू नये, बाबा. अन्नाला नावं ठेवू नये."

हेच ते. आपल्या माणसांना लहानपणापासून हेच शिकवलेलं. ताटात काय पडेल ते गोड मानायचं, दुसऱ्याच्या घरी तर जास्तच. असल्या माणसांपुढं हसरी-रडकी तोंडं ठेवून काय उपयोग? आबासाहेबांना कोपऱ्यात घेतलं. ते म्हणाले, "शेठ, हा चहा नाही, चहाचा फोटो आहे." झालं. मर्म सापडलं.

निघताना सहा वाजले. रात्रपाळीची यादम्मा येत होती. पन्नाशीची, जाडजूड बाई, कठडा धरून एकेक पायरी चढत होती. चतुराअक्का माझ्या शेजारी उभी. म्हणाली, "आली बिचारी. गुडघे बघ तिचे. आणि रात्रभर एकटीला तिन्ही मजले." बायकांना दुसऱ्याच्या दुखण्यात किती रस असतो.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

माधवीशी फोनवर बोललो. चहाचा विषय काढला तर ती ओशाळली. म्हणाली, "कुणी बोललंच नाही हो काका." म्हटलं, बोलणार नाहीतच, त्यासाठी तर मी आहे. स्वयंपाकीणबाईंना उद्या मी स्वतः दाखवणार आहे. दूध आटवायचं, पत्ती वेगळी उकळायची, आपल्या इराणी हॉटेलातल्यासारखं. फार दिवसांनी काहीतरी हाताला लागल्याचा आनंद.

२२ फेब्रुवारी, शनिवार

नवा चहा. वास दारापर्यंत. मी स्वतः दोन कप प्यालो.

कप परत गेले. सगळे नाहीत, पण बरेच. आबासाहेबांनी दोन घोट घेतले, डोळे मिटले, म्हणाले, "जीव जातो रे शेठ, असला चहा." आणि कप खाली ठेवला. उरलेला घेईनात. म्हटलं, आवडला ना? तर म्हणाले, "आवडला म्हणून तर. यात दोन घोटांवर गाडी थांबवणं अवघड आहे."

साखर जास्त झाली असेल. या वयात साखरेची भीती असते. पुढच्या वेळी बिनसाखरेचा वेगळा काढायला सांगतो.

८ मार्च, शनिवार

आज एक सही केली. वर हलवण्याचा कागद असतो. त्यावर तीन सह्या लागतात. दर गुरुवारी सकाळी तपासायला येणाऱ्या डॉक्टर नीलिमा, माधवी, आणि नागरिक सदस्य. माझी सही कशासाठी, तर 'संबंधित व्यक्तीशी मी स्वतः बोललो' यासाठी.

कागद आबासाहेबांचा होता. मी बोललो. बोललो म्हणजे, त्यांच्या खाटेशी बसलो. ते मला ओळखेनात. कुठल्या तरी डेपोचं नाव घेऊन 'गाडी का सुटत नाही' असं तीनदा विचारलं. ओठ कोरडे, जीभ जड. पंधरा दिवसांत माणूस इतका उतरतो? माधवी म्हणाली, दोनदा दुपारी जिन्यापाशी पडता पडता वाचले. डॉक्टरांची सही झालेली होती. मी केली.

मन खट्टू झालं. पण वय ब्याऐंशी. आपण काय करणार?

१२ मार्च, बुधवार

ऊन तापलं. दुकानात चक्कर टाकली, सगळ्यांना थंड ताक मागवलं. पोरांनी दोन दोन पेले रिचवले. शिल्पानं नेहमीप्रमाणे घेतलं नाही. नऊ वर्षं आहे आमच्याकडे, सकाळी दहा ते रात्री नऊ उभी, पण लस्सी नाही, ताक नाही, चहा नाही. "नको काका, मला आवडत नाही." फार सोशीक पोरगी. तिच्यासारखं काम कुणाला जमत नाही.

२२ मार्च, शनिवार

चतुराअक्काला बारीक ताप. पेपर वाचायला बसली होती, पण कालचाच पेपर परत वाचत होती. तिच्या चौघींपैकी एकीनं मला खुणावलं. मी म्हटलं, "अक्का, हा कालचा."

म्हणाली, "मग काय झालं? बातम्या त्याच असतात." हसली. मीही हसलो. पण बोटं थरथरत होती तिची.

बिनसाखरेचा चहा वेगळा काढला होता. तोही परत गेला. आता पत्ती बदलून बघतो.

२७ मार्च, गुरुवार

हे लिहायला जड जातंय.

माधवीनं बोलावलं म्हणून सकाळी गेलो. चतुराअक्का रात्री जिन्यात बसलेली सापडली, दार उघडा म्हणत होती. गौतमशी फोनवर बोलणं झालेलं. तो म्हणाला, तुम्हाला योग्य वाटेल ते करा.

मी जवळ बसलो. तिनं मला हात लावून पाहिलं. "दादा, बैल बांधले का?"

"अक्का, मी हिम्मतराव. साडीवाला."

"बांध बाबा. पाऊस येतोय."

बाहेर रखरखीत ऊन. डॉक्टर नीलिमा शांतपणे म्हणाल्या, "काका, या वयात कधी कधी फार वेगानं होतं." त्या पुण्याच्या, कामाशी काम ठेवणाऱ्या. सही करून दुसऱ्या पेशंटकडे गेल्या.

मी सही केली. दोघीजणी तिला धरून जिना चढवत होत्या तेव्हा तिनं मागं वळून पाहिलं. कुणाकडे ते कळलं नाही.

माधवी म्हणाली, "काका, वरून खाली कुणी येत नाही हो. तेच मला सहन होत नाही."

३० मार्च, रविवार. पाडवा

गुढी उभारली, श्रीखंड खाल्लं, पण जिभेला चव नव्हती. दुपारी अनुराधा पान लावत बसली होती. तिनं विचारलं, "एवढं काय झालंय?" मी सगळं सांगितलं. आबासाहेब, अक्का, चहा. तीन तऱ्हेचा चहा करून पाहिला तरी परत जातो, आता काय करावं ते सुचत नाही म्हणालो.

तिनं पान बाजूला ठेवलं. विचारलं, "संडास कुठाय?"

"कुणाचा?"

"त्यांचा हो. खोलीत आहे?"

"नाही. व्हरांड्याच्या टोकाला. दोन पायऱ्या उतरून."

"रात्री कोण नेतं?"

"यादम्मा. तिचे गुडघे..." आणि मी थांबलो.

अनुराधा माझ्याकडे बघत राहिली. रागानं नाही. ज्याला वाचता येत नाही त्याच्याकडे बघावं तशी. म्हणाली, "अहो, चहा वाईट म्हणून सोडत नाहीत ती माणसं. चार वाजल्यापासून पाणीच सोडत असतील. रात्री उठायला लागू नये म्हणून. त्या बाईला उठवायला लागू नये म्हणून."

"असं कोण करतं?"

"कोण म्हणजे? मी करते. लग्न झाल्यापासून बिलोलीच्या बसमध्ये बसायच्या आधी तीन तास मी पाण्याचा थेंब घेत नाही. बस कुठं थांबेल, थांबली तर आडोसा असेल का. तुम्ही दर वेळी बाटली पुढं करता, मी दर वेळी नको म्हणते. त्रेचाळीस वर्षं झाली. तुम्हाला वाटत असेल मला तहानच लागत नाही."

तेच वाटत होतं. एकदा मी पाहुण्यांत कौतुकानं सांगितलंही होतं, आमची अनुराधा उंटासारखी आहे म्हणून. ती तेव्हा हसली होती.

मग म्हणाली, "माझ्या आईला असंच झालं होतं. पाणी कमी पडलं की लघवीला जळजळ, मग ताप, मग बडबड. वेड लागलं म्हणाले. सलाईन लावलं, चार दिवसांत घरचे सगळे नावानं ओळखले."

मी फोन घेतला. सण होता, तरी डॉक्टर नीलिमांना लावला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. म्हणाल्या, "मी दर गुरुवारी सकाळी अकराला येते, काका. तेव्हा सगळे पाणी पीत असतात."

३१ मार्च, सोमवार

नीलिमा, मी आणि माधवी वर गेलो. लघवी तपासायला पाठवली, अक्काला दवाखान्यात नेऊन सलाईन लावलं. संध्याकाळी नीलिमांचा निरोप आला. जंतुसंसर्ग आहे, अंगातलं पाणी फार कमी झालंय. "हे मला आधी दिसायला हवं होतं," एवढंच म्हणाल्या. मी म्हटलं, मलाही. चहा मी पीत होतो, तुम्ही नाही.

दुपारी माधवीच्या ऑफिसात दार लावून बसलो. विचारलं, रात्रपाळीच्या हजेरीवहीत दोन बायकांची नावं आहेत, दुसरी कुठाय?

ती आधी रडली, मग बोलली. "संक्रांतीनंतर गेली, काका. दवाखानेवाल्यांनी ओढून नेली. किती जणींना विचारलं, रात्रपाळीला कुणी यायला तयार नाही. आठवड्यात दोन रात्री मी स्वतः थांबते. नियमात दोन लिहिलंय म्हणून वहीत नाव ठेवलं. यादम्मा आजवर एकदाही ओरडली नाही कुणावर. ती ओरडत असती तर बरं झालं असतं. मग तरी यांनी तक्रार केली असती."

हे मला खोडता आलं नाही. खडूस बाई असती तर एकवीस रडकी तोंडं आली असती. तिच्या मायेनंच सगळ्यांची तोंडं बंद केली होती.

मग माधवी म्हणाली, "लिहिणार का तुम्ही?"

"लिहावं लागेल."

"नोंदणी गेली तर एकतीस जणांना मी कुठं नेऊ? काहींना तर घरचे घेणार नाहीत."

घरी आलो.

१ एप्रिल, मंगळवार

यादम्माला भेटलो. तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. तिला वाटत होतं की रात्री फार कमी उठवतात म्हणजे सगळे गाढ झोपतात, आपली देखभाल चांगली आहे. मी सांगितलं तसा तिचा चेहरा उतरला. "अरे अल्ला, मेरे वास्ते? मेरे वास्ते पानी नक्को बोल रहे थे?" जिन्याच्या पायरीवर बसली आणि पदरानं तोंड पुसत राहिली. हिंदू बाई, पण चारमिनारच्या गल्लीत वाढलेली, देव कुठला आठवेल सांगता येत नाही.

मग उठून म्हणाली, "सेठ, घंटी मंगाव. सबके खाट को घंटी." 

५ एप्रिल, शनिवार

चतुराअक्का दवाखान्यातून आली, पण कागदाप्रमाणे वरच्या मजल्यावर. मी वर गेलो. ती उशीला टेकून बसली होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "त्या कागदावर सही तुझी आहे ना?"

"हो अक्का."

"माधवीनं दाखवला. अक्षर घाणेरडं आहे तुझं." मग उशी सारखी करत, "मी काय काय बोलले रे तुला?"

"बैल बांधले का म्हणून विचारत होतात."

"मग? बांधलेस का?"

आम्ही दोघंही हसलो. मी विचारलं, "अक्का, मी आठ आठवडे येतोय. चहाचं विचारलं, जेवणाचं विचारलं. हे का नाही सांगितलं?"

"तुला? बापयाला सांगू होय, रात्री मला कितीदा जावं लागतं ते? आणि सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस? कागदावर लिहिलं असतंस, यादम्मा कमी पडते. त्यांनी तिला काढली असती. तिच्या घरी नवरा अंथरुणावर आहे." मग डोळे मिटून म्हणाली, "आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं नव्हतं रे. कुणीच कुणाला बोललं नाही. जिनं तिनं आपापलं सोडलं."

चाळीस वर्षं मी ज्या कानाचा तोरा मिरवला, त्याला हे ऐकू येणं शक्यच नव्हतं. बरोबरच्या बाईच्या कानातही कुणी बोललेलं नव्हतं.

८ एप्रिल, मंगळवार

अक्काला खाली आणायचं म्हणून समितीचे अधिकारी नरसिंहलू गारू (गारू म्हणजे आपलं 'साहेब') यांना फोन केला. चांगला माणूस, पण कागदाबाहेर पाय टाकत नाही.

"हिम्मतराव गारू, खाली आणायचा फॉर्म नाही."

"म्हणजे?"

"वर न्यायचा आहे. खाली आणायचा नाही. आजपर्यंत कुणी मागितलाच नाही."

"मी मागतोय."

"मागा. पण फॉर्म नाही."

"मी हातानं लिहिला तर?"

फोनमधून कागद उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "तीन सह्या ठेवा. आणि मला झेरॉक्स पाठवा."

लिहिला. 'सदर व्यक्तीशी मी स्वतः बोललो' हे वाक्य मी खोडलं. त्याऐवजी लिहिलं: 'सदर व्यक्तीशी मी दोन वेगवेगळ्या दिवशी, एकदा संध्याकाळी, पाणी दिल्यानंतर बोललो. बरोबर एक बाईमाणूस होती.' नीलिमांनी वाचून सही केली. माधवीनं सही करताना विचारलं, "काका, अहवालाचं काय ठरवलं?"

सांगितलं. सगळं लिहिणार. पहिल्या ओळीत माझी चूक, की मी दोन महिने चहा सुधारत बसलो आणि दोन कागदांवर सही केली. दुसऱ्या ओळीत वहीतलं खोटं नाव. तिसऱ्या ओळीत हे, की एवढी माया असलेलं घर मी दुसरं पाहिलं नाही, आणि ते बंद करण्याऐवजी महिन्याभराची मुदत द्यावी.

"मुदत देतील?"

"माहीत नाही."

तिनं सही केलेला कागद माझ्याकडे सरकवला. मग म्हणाली, "वहीतलं नाव मी आजच खोडते. तुमच्या अहवालाच्या आधी."

९ एप्रिल, बुधवार

दुकानात गेलो. ऊन मी म्हणत होतं. ताक मागवलं. आता मला पाण्याचा ध्यासच लागलाय, म्हणून प्रत्येकाच्या हातात स्वतः पेला दिला, सगळ्यांना सांगितलं, पोरांनो, पाणी पीत जा, पाणी कमी पडलं की माणूस वेडा होतो. शिल्पानं पेला हातात घेतला, थँक्यू काका म्हणाली, आणि गिऱ्हाईक आलं म्हणून मोरीच्या जागी बसवलेल्या कपाटावर ठेवला. संध्याकाळी निघताना तो तसाच होता. काही लोकांना ताक खरंच आवडत नाही.

१२ एप्रिल, शनिवार

आज अक्का जिना उतरली. एका बाजूनं अनुराधा, दुसऱ्या बाजूनं यादम्मा. यादम्माची पाळी नव्हती, तरी आली. खाली चौघीजणी पेपर घेऊन बसल्या होत्या. अक्कानं तारीख बघितली, आजचीच होती. मोठ्यानं वाचायला सुरुवात केली, मधेच थांबून मला म्हणाली, "उभा का? जा की आता."

मी निघालो तर पाठीमागून परत हाक. "हिम्मत."

"काय अक्का?"

"वर आणखी पाच जण आहेत."

दिवसभर तेच डोक्यात. पाच जणांत आबासाहेब आहेत. नीलिमांना विचारलं. त्या म्हणाल्या, सगळ्यांना तपासलंय, औषध सुरू केलंय, दोघातिघांचं विस्मरण खरंच आहे, ते परत फिरणार नाही. आबासाहेबांचं सांगता येत नाही. पाणी पाजत राहा, बोलत राहा.

हातानं लिहिलेल्या कागदाच्या पाच प्रती काढून आणल्या.

१६ एप्रिल, बुधवार

अहवाल सोमवारी गेला. उत्तर यायचंय. खाटांना घंटा लागल्या आहेत, रात्रीसाठी एक नवी बाई आजपासून येतेय. टिकते का बघायचं.

दुपारी चारला मी वर गेलो. आबासाहेब खिडकीशी, गुडघ्यावर हात ठेवून बसले होते, स्टॉपवर बसावं तसे. माझ्याकडे बघितलं, ओळख नाही. मी पाण्याचा पेला पुढं केला. त्यांनी मान हलवली. मी धरून राहिलो. अनुराधा म्हणाली होती, घाई करू नका, हात पुढं ठेवून बसा. हात भरून आला. पाच मिनिटांनी त्यांनी पेला घेतला आणि एका दमात संपवला. लहान मुलासारखं. मी दुसरा भरला.

दुसरा पेला ओठांपर्यंत नेला आणि थांबले. दाराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. बारीक आवाजात, कुणाला ऐकू जाऊ नये असं म्हणाले, "मग नेणार कोण?"

मी म्हटलं, "मी बसलोय."

त्यांनी पेला पूर्ण प्याला. पंचवीस मिनिटांनी माझी बाही ओढली. मी उठलो, त्यांचा हात माझ्या खांद्यावर घेतला, आणि आम्ही दोघं व्हरांड्यातून निघालो. मधे दोनदा थांबलो. पायऱ्यांपाशी ते म्हणाले, "हळू. खाली उतरायचंय."